बाय-टूतला मोठा वाटा

मी लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा फार बारीक होते. हे आता कुणाला सांगितलं की लोक अदबीनं मान हलवतात आणि विषय बदलतात. पुरावा म्हणून लग्नाचा फोटो आहे, पण त्यात मी शालूत इतकी गुंडाळलेली आहे की आत कोण आहे हे शपथेवर सांगणं अवघड. सासूबाईंनी मात्र मला त्या दिवशी उंबऱ्यातच नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्यो, हिला माहेरी जेवायला घालत नव्हते काय?" माझं ते रूप त्यांच्या मनात पक्कं बसलं आणि पुढची सगळी वर्षं त्या त्याच मुलीला वाढत राहिल्या.

माझं माहेर साताऱ्याचं. सासरचे लोक पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे. कुणी पूर्वज राजाच्या फौजेत स्वार म्हणून इकडे आला आणि राहून गेला. फौज कधीच संपली. मराठी राहिली, तीही कानडीत चांगली मुरलेली. घोड्यावरून उतरून दोनशे वर्षं झाली तरी या घरातली जेवणाची मापं अजून घोडेस्वाराची आहेत.

पण माझ्या वजनाचं खापर सासरवर फोडणं बरोबर नाही. मला भूक फार लागते असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. खरं म्हणजे भूक मला लागतच नसे, कारण ती लागायला मध्ये थोडा वेळ रिकामा जावा लागतो. सकाळी पोहे खाताना माझ्या डोक्यात दुपारचं सार उकळत असे. ओट्याशी उभ्यानं खाल्लेलं मी जेवणात धरत नसे. पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, एवढासा काय ठेवायचा म्हणून. डब्यातली तुटकी चकली, कारण ती पाहुण्यांना देता येत नाही. तुटकी नसेल तर तोडता येते, हा शोधही माझाच.

गंमत सोडून सांगायचं तर मला त्याची लाज वाटायची. पोट भरलेलं असताना हात डब्यात जातोय हे मला स्वच्छ दिसायचं आणि तो थांबवता यायचा नाही. आपल्याच हातावर आपलं काही चालत नाही, ही फार वाईट भावना आहे. मग त्या भावनेवर उपाय म्हणून मी आणखी एक चकली खात असे.

उपाय केले नाहीत असं नाही. कोबीचं सूप केलं, कोमट पाण्यात मध घेतला, फोनवर एक ॲप घेतलं, जे रोज सकाळी माझं अभिनंदन करायचं आणि का ते सांगायचं नाही. नवऱ्यानं वजनकाटा आणला. आमच्या न्हाणीघराची फरशी एका कोपऱ्यात थोडी बसलेली आहे आणि तिथं ठेवला की काटा कमी दाखवतो, हे मला लवकरच कळलं. तेव्हापासून काट्याची जागा कुणी हलवायची नाही असा मी घरात नियम केला.

सासूबाईंना साखरेचा आजार होताच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एकदा दोघींना एकदम खुर्चीत बसवलं, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि रोज सकाळी चालायला जा म्हणून सांगितलं. आम्ही लगेच ऐकलं. कुवेंपुनगरात आमच्या घराजवळ बाग आहे, सावली आहे, बाकं आहेत. आणि बागेच्या फाटकासमोर दर्शिनी आहे.

दर्शिनी म्हणजे आमच्याकडचं उभ्यानं खायचं हॉटेल. काउंटरवर सांगायचं, ताटली घ्यायची, छातीइतक्या उंच टेबलाशी उभं राहून खायचं. आणि तिथं 'बाय-टू' मिळतं. एक काफी सांगायची, ती दोन छोट्या ग्लासांत ओतून येते. काफीचीच ही पद्धत, पण दर्शिनीवाला ओळखीचा असेल तर तो वडा, डोसा काहीही दोन ताटल्यांत करून देतो, आणि चटणी दोन्हीकडे पुरती घालतो. सासूबाईंच्या मते बाय-टू घेण्यातला खरा फायदा त्या चटणीत होता.

सासूबाईंचं याबद्दलचं शास्त्र ठरलेलं होतं. "अर्ध्याला खाल्लं म्हणत नाहीत गे," त्या म्हणायच्या. "सुम्ने, उगी आपली चव बघितली म्हणतात." या शास्त्रानुसार आम्ही बागेला दोन फेऱ्या मारून रोज दर्शिनीत चव बघत असू. बाय-टू इडली. ती बघून झाली की बाय-टू वडा. मग चौचौ बाथ, म्हणजे एका ताटलीत एक मूद उपम्याची आणि एक मूद तुपानं थबथबलेल्या शिऱ्याची. त्यांना साखर वर्ज्य, म्हणून वाटणी अशी की उपमा त्यांचा आणि शिरा माझा. मग त्या म्हणायच्या, "स्वल्प शिरा दे, तोंड खारट झालं." मग माझं तोंड गोड झालेलं असे, म्हणून मी स्वल्प उपमा घेई. शेवटी बाय-टू काफी. एवढी अर्धी-अर्धी मिळून किती होतात हा हिशेब आमच्या शास्त्रात बसत नव्हता.

खरं तर आमच्या दोघींचं तोवर फारसं जमत नसे. माझी भाजी त्यांना पांचट वाटायची, त्यांचं सांबार मला गोड वाटायचं, आणि दोघींची तक्रार एकाच माणसाकडे जायची, म्हणजे त्यांच्या मुलाकडे आणि माझ्या नवऱ्याकडे. बाय-टूनं आम्हाला एकत्र आणलं. दर्शिनीतून निघताना आम्ही एकमेकींच्या पदराला आणि ओढणीला लागलेली चटणी पुसत असू. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "झालं वॉकिंग?" सासूबाई म्हणायच्या, "पाय दुखायलेत बघ." यात खोटं काही नव्हतं. उभ्यानं खाल्ल्यावर पाय दुखतातच.

वाटण्या मीच करायची, कारण सासूबाईंना नीट दिसत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. वड्याचा मोठा तुकडा कुठला, काफी कुठल्या ग्लासात जास्त आहे, हे मला एका नजरेत कळतं; या बाबतीत माझी नजर सोनाराची आहे. मोठा वाटा मी घेत असे. त्यांना साखर आहे, त्यांच्या पोटात कमी जायला पाहिजे. याला मी मनातल्या मनात सेवा म्हणत असे.

मोतीबिंदू पिकत गेला तशा घरात गमती व्हायला लागल्या. दोरीवर वाळणाऱ्या नवऱ्याच्या शर्टाला त्या "ऑफिस नाही काय आज?" म्हणून विचारायच्या. एकदा दारात आलेल्या कुरिअरवाल्याला भाचा समजून त्यांनी आत बसवलं आणि ताट वाढलं. तो जेवून गेला. आम्ही हसत होतो, त्याही हसत होत्या, पण हळूहळू त्यांनी ओळखीच्या लोकांत बोलणंच कमी केलं. कोण समोर आहे ते आवाजावरून कळेपर्यंत त्या गप्प राहायच्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन सोपं आहे, पण आधी साखर खाली आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. आम्ही दोघींनी ते परीक्षेसारखं घेतलं. म्हणजे शेवटचे काही दिवस जोरात अभ्यास केला. कारल्याचा रस, नाचणीचं मुद्दे म्हणजे उकडीचे गोळे, दर्शिनीसमोरून जाताना मान दुसरीकडे. तपासणीत कळलं की ती गेल्या तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी होती. त्यात तीन महिन्यांतले सगळे बाय-टू एकत्र होऊन पूर्ण दिसत होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि मला विचारलं, "घरात पथ्य कोण बघतं?"

"मी," मी म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या. आमच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत, वर्षानुवर्षांच्या. त्यांना तिसरी दिसली नाही. आवाज ऐकून मी बाहेर धावले तर त्या खाली बसलेल्या, चष्मा कुठे गेला म्हणून हातानं जमीन चाचपत होत्या. हाड मोडलं नव्हतं. मला बघून, म्हणजे माझ्या दिशेला बघून म्हणाल्या, "काही नाही गे, सुम्ने बसले." मला इतकी भीती वाटली की मी त्यांच्यावर ओरडले. रात्री मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. सासूबाई हॉटेलात एकटीसाठी पूर्ण काही कधीच मागवणार नाहीत. ते त्यांच्या तत्त्वातच बसत नाही. त्यांना खायला दुसरी अर्धी लागते. ती दुसरी अर्धी मी आहे. मी खाल्लं तर त्या खाणार, आणि त्यांनी खाल्लं तर त्यांना दिसणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून दर्शिनी बंद, असं मी जाहीर केलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आय्तु." या एका शब्दात होकार, नापसंती आणि बघून घेईन हे सगळं येतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी फिरायची वाट बदलली, पण कुवेंपुनगरात ज्या वळणावर दर्शिनी नाही असं वळण अजून कुणी बांधलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी तव्यावर लोण्याचा वास. सासूबाई दर थोड्या वेळानं विचारायच्या, "तुला भूक लागली असेल ना?" लागली नाही म्हटलं की, "चेहरा उतरलाय तुझा." माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. घरात भांडी आपटू लागली. दर्शिनीचा गल्ल्यावरचा माणूस एकदा रस्त्यात भेटला आणि आमच्याकडून काही चुकलं का म्हणून काळजीनं विचारू लागला.

शेवटी माझंच अवसान गळालं. एका दुपारी मार्केटात फुलं आणायला गेले आणि फुलांबरोबर पाव किलो म्हैसूरपाक घेतला. मऊ, तुपाचा, अजून कोमट. स्कूटरच्या डिकीत तो घरापर्यंत आला आणि वाटेत मी एकाही सिग्नलला थांबल्याचं मला आठवत नाही. सासूबाई झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, डबा टेबलावर ठेवला आणि रबर काढलं.

आत पलंग वाजला. मग भिंतीवरून हात सरकवत सासूबाई आल्या. त्यांचे डोळे गेले होते, पण नाक जवान होतं. खुर्ची चाचपून बसल्या, टेबलावर तळहात उताणा ठेवला आणि म्हणाल्या, "काढ. बाय-टू."

मी खोटं बोलू शकत होते. आमटीच्या फोडणीचा वास आहे म्हटलं असतं, वडी तोंडात टाकली असती, तरी त्यांना दिसलं नसतं. तोंडाला सुटलेलं पाणी मी गिळलं. "म्हैसूरपाक आहे, आई," मी म्हणाले. "पण तुम्हाला द्यायचा नाही."

"मग तू खा," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "तू वाळकी. तुला काय होतंय?"

हे त्या फ्रिजकडे बघून म्हणाल्या. मी फ्रिजच्या डाव्या बाजूला होते. त्यांच्या बाहुल्यांवर आलेला दुधी रंग मी इतक्या जवळून त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. मला रडू यायला लागलं आणि ते आवाजात कळू नये म्हणून मी डब्याचं झाकण लावलं.

"मीपण नाही खाणार," मी म्हणाले. "तुम्ही नाही तर मी नाही."

"हे कुठलं नवीन?"

"आजपासूनचं."

आता प्रश्न असा आला की डब्याचं काय करायचं. तूप टाकून देणं आमच्या दोघींच्या रक्तात नाही. वरच्या भाडेकरूंना द्यावा तर मी पोचवायला उठेन आणि जिन्यात एक वडी खाईन, अशी शंका सासूबाईंना आली. ती रास्त होती. मी उठले तर त्या खातील, अशी मला. म्हणून आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये डबा ठेवून, नवरा ऑफिसातून येईपर्यंत एकमेकींवर पहारा करत बसलो.

"झाकण तरी काढ," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "वासात साखर नसते."

मी झाकण काढलं. आम्ही वास घेत बसलो. बाहेर भाजीवाला येऊन गेला, कुणीच उठलं नाही. मग सासूबाई आपणहून बोलायला लागल्या. त्यांचं नवीन लग्न झालेलं, घरात माणसं बक्कळ. सगळ्यांचं झालं की सुना जेवायच्या, आणि त्यांत त्या धाकट्या. "पातेल्यात जे राहील ते माझं," त्या म्हणाल्या. "कधी राहायचं, कधी नाही." महिन्यातून एखादवेळी माझे सासरे त्यांना दुपारचा सिनेमा दाखवायला न्यायचे. येताना हॉटेलात पडद्याआडच्या टेबलाशी बसून बाय-टू काफी. "तिथं मात्र आधी मला. दोन ग्लास आले की भरलेला ग्लास माझ्याकडे सरकवायचे. म्हणायचे, मला काफी आवडत नाही फार. पण आवडायची की. घरी लोटाभर प्यायचे, अल्वा, नाही काय?"

रोज सकाळी भरलेला ग्लास उचलणारा माझा हात टेबलावर समोरच होता. तो मी मांडीवर घेतला.

नवरा आला, चपला काढल्या, डबा पाहिला आणि उभ्या-उभ्याच दोन वड्या तोंडात टाकल्या. "मस्त आहे," तो म्हणाला. "तुम्ही का नाही घेतला?" आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. सासूबाईंचा नेमही या वेळी चुकला नाही. उरलेला डबा घेऊन तो पुढच्या मिनिटाला वरच्या भाडेकरूंकडे गेला.

त्या दिवसानंतर मी सुधारले असं म्हणायला मला आवडलं असतं. माझा हात अजूनही डब्याकडे जातो. फक्त एक नियम आम्ही दोघींनी केला: जे खायचं ते टेबलाशी बसून, दुसरीला सांगून. सांगायचं म्हटलं की निम्म्या गोष्टी खायच्या राहतात. "आई, मी तुटकी चकली खातेय," असं मोठ्यानं म्हणून बघा. "आपोआप तुटली काय?" असा प्रश्न आतल्या खोलीतून आल्यावर चकली परत डब्यात जाते. एकदा नाही गेली. एकदा काय, पुष्कळदा. पण हळूहळू सलवारी ढिल्या झाल्या, आणि मी वजनकाटा बसक्या फरशीवरून उचलून सपाट जागी आणला. तो क्षण मी घरात कुणालाही बघू दिला नाही.

सासूबाईंची साखर खाली आली. डॉक्टरीणबाईंनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी काढायच्या दिवशी मी मुद्दाम नवीन शिवलेला, आधीपेक्षा बराच अरुंद कुर्ता घातला होता. कॉलनीतल्या सगळ्यांनी किती बारीक झालीस म्हणून कौतुक केलं होतं. आता घरच्या माणसाचं ऐकायचं होतं.

पट्टी निघाली. सासूबाईंनी डोळ्याची उघडझाप केली. आधी डॉक्टरीणबाईंना पाहिलं आणि किती लहान वयाच्या आहात म्हणून त्यांना धास्ती वाटली. मग मुलाला पाहिलं. "केस कुठं गेले तुझे?" मग माझ्याकडे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "केवढी जाड झालीस गे."

डॉक्टरीणबाई कागद शोधायला लागल्या. "आई," मी म्हणाले, "हे कमी केलेलं आहे."

"हे कमी केलेलं?"

रिक्षात त्या सारख्या वळून मला बघत होत्या. दंड चाचपला, गाल पाहिला. आमच्या घराचं वळण आलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "मला सांगायचं की. मी आपली वाळकी समजून वाढत होते." मला हसू आलं आणि त्याचबरोबर फार माया वाटली. इतकी वर्षं त्या एका मुलीच्या पोटाची काळजी करत होत्या, आणि ती मुलगी कधीच कुठे निघून गेली होती.

काही दिवसांनी त्यांना बाहेर फिरायची परवानगी मिळाली. काळा गॉगल घालून, कुणाचाही हात न धरता, त्या दाराच्या तिन्ही पायऱ्या उतरल्या. बागेला फेऱ्या झाल्या. फाटकाशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. गल्ल्यावरच्या माणसानं आम्हाला बघितलं आणि चटण्यांकडे हात नेला.

"ओंदु बाय-टू काफी," सासूबाई म्हणाल्या. "सक्करे बेड." एकच काफी, साखर नको. बाकी काही नाही.

दोन ग्लास आले. एक नेहमीसारखा जास्त भरलेला. सासूबाईंनी गॉगल कपाळावर चढवला आणि दोन्ही ग्लास आपल्यापुढे ओढले. या ग्लासातली काफी त्या ग्लासात ओतली, त्यातली परत यात. मग वाकून, नवा डोळा काफीच्या पातळीला आणून पाहिलं. मागे रांग लागली होती. त्यांनी आणखी एक थेंब इकडचा तिकडे केला. "घे," त्या म्हणाल्या.

मी हाताला आला तो ग्लास उचलला. बिनसाखरेची काफी कडू लागत होती आणि गरम होती. अर्धी पिऊन झाल्यावर सासूबाईंनी माझ्या ग्लासात डोकावून पाहिलं.

"तुला कमी आली काय गे?"

"माहीत नाही, आई," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं, मी बघितलंच नव्हतं.